पायऱ्यांवरचं कुंभकोणम

आधीच सांगते, या लिहिण्यात चुका असणार. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. पाचवीची शाळा पलीकडच्या गावाला होती आणि मध्ये ओढा होता, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं सगळं सामान ओढ्याच्या पलीकडेच राहिलं. अक्षरही धड नाही. माझी ओळ सुरू होते एका जागी आणि उतरत उतरत संपते दुसऱ्याच जागी. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण आमच्या घरमालकांविषयी कुणीतरी लिहायला हवं असं मला फार दिवस वाटतंय, आणि मराठीत लिहिणारं या गल्लीत माझ्याशिवाय कुणी नाही. आमचे घरमालक हे या जगातले एकमेव गृहस्थ असतील, ज्यांनी आपल्या गावावर जीव ओवाळून टाकला आणि जन्मभर एकच गोष्ट सिद्ध करत राहिले, की या गावात गावचा असा एकही माणूस नाही.

गाव म्हणजे कुंभकोणम. माझे यजमान इथं गलाईचं काम करतात, म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं भट्टीत आटवून शुद्ध करून देतात. आमच्या सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातली निम्मी माणसं या धंद्याला देशभर पांगली आहेत. लग्न झाल्यावर मीही त्यांच्या मागोमाग इथं आले. यजमान घर बघायला गेले तेव्हा घरमालकांनी भाडं सांगितलं नाही, डिपॉझिट सांगितलं नाही, कामधंदा विचारला नाही. फक्त विचारलं, "सोन्द ऊर कुठचं?" सोन्द ऊर म्हणजे मूळ गाव. तमिळ माणूस हा प्रश्न ओळख झाल्यावर विचारतो. आमचे घरमालक तो ओळख होण्याआधी विचारतात आणि उत्तर आवडलं तरच ओळख करून घेतात. यजमानांनी गावाचं नाव सांगितलं, तशी त्यांनी कमरेची किल्ली काढून हातात दिली. "मराठे आलेत," म्हणून आतल्या बाईंना ओरडून सांगितलं. जणू बाहेर घोडे उभे होते.

ते स्वतः तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेबरोबर खाली उतरले आणि इथंच राहिले. तमिळ लोक त्यांना रायर म्हणतात. आम्ही अप्पा म्हणतो, आणि त्यांच्या बायकोला अक्का म्हणत होतो. घरात ते जी मराठी बोलतात ती ऐकून पहिले काही दिवस मला वाटायचं की हे माझी थट्टा करतायत. "तूं जेवलीस कां, पोरी?" असं सगळं नाकातून आणि सावकाश, मध्येच दोन तमिळ शब्द. माझी मराठी मात्र त्यांना बिघडलेली वाटायची. मी 'विचारते' म्हटलं की ते म्हणायचे, "पुसतें म्हण. आम्हीं भाषा आणली तशी ठेवली. तुम्हीं घरीं राहून नासवली." हे वाक्य ते तमिळ कॉफी पीत, तमिळ वेष्टी नेसून, तमिळ पेपर वाचता वाचता म्हणायचे.

अप्पांना माणूस दिसला की त्याचं मूळ शोधल्याशिवाय पाणी गोड लागत नाही. टपालवाला, वायरमन, देवळातला माहूत, कुणीही सुटत नाही. एकदा दवाखान्यात नर्स त्यांचं रक्त काढत होती. सुई दंडात असताना यांनी तिला आईचं गाव विचारलं, मग बापाचं, मग आजोबाचं. ती सांगता सांगता रंगली आणि बाटली भरून वाहायची वेळ आली. घरी आल्यावर अक्कांनी विचारलं, रिपोर्टात काय निघालं? हे म्हणाले, "तेलुगू निघाली. नायक राजांच्या वेळेस आलेली."

कारण त्यांच्या मते हे गाव म्हणजे थांबा आहे. सौराष्ट्रातून रेशीम विणणारे आले, तेलुगू आले नायकांबरोबर, मराठे आले, कन्नड आले, बाजारात गहाण ठेवून घेणारे मारवाडी आले, रावुत्तर मुसलमान घोडे घेऊन आले. मी एकदा भीतभीत म्हटलं, "पण तमिळ लोक तर इथलेच की." तर म्हणाले, "कोण सांगतें? पूस त्यांस. एक म्हणतो मदुरेचा, एक म्हणतो कांचीचा, एक म्हणतो नदीपलीकडचा." मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "नदी तरी कुठें इथली? ती कुर्गची. आणि ज्यावरून गांवास नांव पडलें तो कुंभ? तोही प्रळयांत वाहत वाहत आला आणि इथें अडकला." एकदा आम्हाला सगळ्यांना ते तिरुवलंचुळीला घेऊन गेले, तिथल्या पांढऱ्या गणपतीच्या दर्शनाला. तो समुद्राच्या फेसाचा आहे म्हणतात. इंद्रानं आणला, वाटेत जरा खाली ठेवला आणि मग तो उठेचना. अप्पांनी हात जोडले आणि मला कोपरानं ढोसलं. "पाहिलेंस? इथें बसला तो पुन्हा उठत नाहीं."

त्यांची दुसरी सवय अशी, की प्रत्येकाशी त्याच्या त्याच्या मूळ भाषेत बोलायचं. या भाषा त्यांना येतात असं नाही. पण त्यांना वाटतं, आपण दोन शब्द बोललो की समोरच्याच्या पोटात गाडलेली भाषा वर येईल. कोपऱ्यावरच्या फुलवालीशी ते तेलुगू बोलतात. ती नायडू आहे, तिच्या पणजीला तेलुगू येत असेल. ती बिचारी कोपरापासून बोटापर्यंत एकेक मोळ गजरा मोजता मोजता तमिळमध्ये म्हणते, "मामा, किती मोळ हवा तेवढं सांगा." शेजारची सौराष्ट्री बाई मात्र घरात अजून तिची भाषा बोलते. तिच्याशी हे तिच्या भाषेत बोलले, तर ती पदर तोंडाला लावून आत पळाली. नंतर मला सांगत होती, "मामांनी मला विचारलं, तुझ्या नवऱ्याला किती रुपये किलोनं विकलंस." आणि विड्याची पानं विकणारे रावुत्तर भाई, त्यांना तर ते रोज सकाळी उर्दूत आदाब करतात. भाई पान पुसत म्हणतात, "अय्या, माझ्या सात पिढ्यांत कुणाला उर्दू येत नाही. तुम्हाला कुठून आली?" अप्पा म्हणतात, "म्हणूनच बोलतों. कोणी तरी संभाळायला हवी."

माणूस तोंड उघडेना, तर ते त्याला कॉफी पाजून ओळखतात. पेला वर धरून घशात सोडली तर एक जात, वाटीत ओतून फुंकर मारून प्यायली तर दुसरी. मी आल्या आल्या पहिल्या दिवशी वाटीत ओतून बशीतल्या चहासारखी भुरकली होती. अक्का हसल्या. अप्पा म्हणाले, "सातारा." मी म्हटलं, सांगली. त्यावर ते म्हणाले, "आम्हीं निघालों तेव्हां सातारा-सांगली वेगळी झाली नव्हती." चूक झाली की ते कायम तीनशे वर्षं मागं जाऊन उभे राहतात, तिथं त्यांना कुणी गाठू शकत नाही. मागे एका हॉटेलात डोसे टाकणारा बिहारचा निघाला, तर दिवसभर खुशीत होते. म्हणाले, "डोसा बिहाऱ्याचा, सांबार आपलें मराठ्यांचें, कॉफी अरबांची. तमिळांची उरली ती भूक." हे ते तमिळमध्येही सांगतात आणि तमिळ माणसंच सगळ्यात जास्त हसतात.

गंमत अशी, की साऱ्या गावाची मुळं शोधणाऱ्या या माणसाला स्वतःचं मूळ गाव माहीत नाही. कुणी उलटं विचारलं की हात वर करून म्हणतात, "वरून." वरून म्हणजे कुठून? तर घाटावरून. घाटावर कुठं? तिथं ते चष्मा पुसायला लागतात.

आता कोलूविषयी सांगते, कारण खरी हकिगत तीच आहे. इकडं नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या बसवतात, त्याला कोलू म्हणतात. वर देव, खाली माणसं. अप्पांच्या घरचा कोलू त्यांच्या आईपासूनचा, मातीच्या बाहुल्यांच्या चार पेट्या. सगळ्यांच्या घरी देवांचं लग्न, वाण्याचं दुकान, शेतकरी-गाय असं असतं. अप्पांनी मात्र मोठे झाल्यावर पायऱ्यांवर अख्खं कुंभकोणम बसवलं. जो आधी आला तो वरच्या पायरीवर, मागून आला तो खालच्या. एक पायरी तेलुगूंची, एक मराठ्यांची, एक सौराष्ट्रांची, अशा रांगा, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की हे कुंभाराकडे जाऊन तसली बाहुली करून आणत. आणि एका संध्याकाळी अक्का गल्लीतल्या प्रत्येक घरच्या बाईला बोलावून हळदकुंकू, पानसुपारी, नारळ आणि वाटीभर हरभऱ्याची उसळ देत. अप्पा त्या वेळी मागच्या खोलीत बसत, कारण बायकांच्या कार्यक्रमात त्यांचं काम नाही. दाराच्या फटीतून कोण कुठली हे मात्र पुटपुटत राहत.

मग अक्का गेल्या. त्या वर्षी कोलू मांडला नाही, रीतच तशी आहे. दुसऱ्या वर्षी पितृपक्ष लागला आणि पापनाशमहून अप्पांची धाकटी बहीण आली. या आत्या अप्पांपेक्षा हाडानं लहान पण आवाजानं मोठ्या. त्या सोप्यावर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"अण्णा, बाहुल्या मी नेतें."

अप्पा झोपाळ्यावर बसले होते. झोपाळा थांबला. "कां?"

"घरांत सवाष्ण नाहीं. कुंकू कोण देईल? तूं देशील?"

"कोणी तरी देईल."

"कोणी तरी म्हणजे? अम्माच्या बाहुल्या आहेत. आपल्यांतली बाई उभी राहील तर मांड. नाहीं तर अमावास्येस मी व्हॅन घेऊन येतें." आणि त्या कॉफी पिऊन, पेला पालथा घालून निघून गेल्या.

त्या दिवसापासून अप्पा सुकले. आपल्यातली बाई शोधायची कुठं? त्यांच्या घरची माणसं चेन्नईला, बंगळूरला, अमेरिकेत. गावात त्यांच्यातली जी दोन-चार घरं उरली आहेत, तिथं ते स्वतः छत्री घेऊन गेले. एका घरी सून नोकरीला, तिला रजा नाही. एका घरी गुडघे दुखतात. तिरुनीलक्कुडीला एक नात्यातली बाई होती, तिथपर्यंत बसनं गेले, तर ती लेकीकडे गेली होती आणि घराला कुलूप. आल्यावर पेट्यांची झाकणं उघडून बसले. एकेक बाहुली कागदातून काढायची, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसायचं आणि परत गुंडाळायची. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "व्हॅन हलत जाईल. मातीचीं माणसें. पापनाशमापर्यंत अर्धीं पोचतील." मला तेव्हा कळलं, की हे बाहुल्यांचं बोलत नाहीत. बाहुल्या गेल्या की या माणसाचं गावच उठून जाणार होतं आणि मागं नुसतं घर उरणार होतं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत येत नाहीत, चौकटीला हात लावून बोलतात.

"पोरी, तूं उभी राहा."

मी म्हटलं, "कुठं?"

"कोलूस. कुंकू तूं दे."

माझ्या हातातलं उलथनं तव्यात पडलं. मी मुळातच चार माणसांत बोलणारी नाही. पाहुणे आले की माझं अर्धं बोलणं पदराला गाठ मारण्यात जातं. तमिळ मला बाजारापुरतं येतं. त्यातून मी मराठा, ते वैष्णव ब्राह्मण, त्यांच्या देवघरात मी कधी पाऊल टाकलेलं नाही. रात्री यजमानांना म्हटलं, "आवो, मला न्हाई जमायचं. आत्या काय म्हणतील?" यजमान भाकरी मोडत म्हणाले, "आत्या म्हणायचं ते म्हणतीलच. तू उभी ऱ्हायलीस तरी आन् न्हाई ऱ्हायलीस तरी. म्हातारा दोन दिस जेवला न्हाई, त्याचं बघ." यजमानांचं असं आहे, दिवसभर भट्टीपुढे बसतात, त्यामुळे बोलणं थोडं आणि आटवलेलं.

आत्यांना कुठून बातमी लागली कुणास ठाऊक. अमावास्येच्या आदल्या दिवशीच त्यांचा फोन आला. अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन मोठा करून बोलतात, त्यामुळे मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू आलं.

"भाडेकरणीस उभी करतोस?"

"मराठी आहे."

"असेल. आपल्यांतली नव्हे."

"आपलें गांव कोणतें, सांग," अप्पा म्हणाले.

"तें काय आतां?"

"सांग ना. तुज ठाऊक नाहीं, मज ठाऊक नाहीं, बापास ठाऊक नव्हतें. मग तें हिचें नव्हे, हें कशावरून? आम्हीं पुढें आलों, हे मागें राहिले. पोचावयास त्यांस तीनशें वर्षें लागलीं, इतकेंच."

"गांवाचें नको. घरचें बोल. ही घरची आहे कां?"

अप्पांनी फोन तोंडाजवळ ओढला. मग म्हणाले, "घरचे सगळे विमानांत आहेत. घरांत आहे कोण? हीच आहे."

"उद्यां व्हॅन येईल," आत्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अमावास्येला सकाळी अप्पा तर्पणाला नदीवर गेले. जाताना मला म्हणाले, "पायऱ्या मांडल्यात. मी आलों की बाहुल्या लावूं. तूं नुसत्या पेट्यांतून काढून ठेव." ते गेले आणि तासाभरात रस्त्यावर व्हॅनचा हॉर्न वाजला. मी खिडकीतून बघितलं. आत्या पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, आणि ड्रायव्हर व्हॅन वळवायला जागा शोधत मागं-पुढं करत होता. मला एवढंच सुचलं, की पेटीत दिसल्या तर बाहुल्या जातील, पायरीवर दिसल्या तर कदाचित राहतील. बसवलेला कोलू भलत्या दिवशी हलवत नाहीत, एवढी रीत मला माहीत होती. म्हणून मी हाताला येईल ती बाहुली उचलून पायरीवर ठेवत सुटले.

पण कोण आधी आलं आणि कोण मागून, हे मला कुठं ठाऊक? ते सगळं अप्पांच्या डोक्यात. मला गल्ली ठाऊक होती. मग मी गल्ली मांडली. फुलवाली ठेवली, तिच्या शेजारी पानवाले रावुत्तर भाई, कारण फुलं ओली राहावीत म्हणून ती त्यांच्याच बादलीतलं पाणी घेते. सौराष्ट्री विणकराला भांड्यांच्या दुकानदाराच्या पुढ्यात बसवलं, दोघं रोज तिथंच पेपर वाचतात. मारवाड्याच्या बाजूला तमिळ गुरुजी, त्यांचं कशावरून तरी सारखं भांडण असतं पण एकमेकांशिवाय करमत नाही. राजा-राणी म्हणून दोनच लाकडी बाहुल्या होत्या, त्या कुठं ठेवाव्यात कळेना, तर त्यांना खेळण्यातल्या नळाजवळ उभं केलं. तिसऱ्या पायरीवर तीन धर्म आणि पाच भाषा झाल्या. देव मात्र वरच ठेवले, तेवढं भान होतं.

आत्या आत आल्या. ड्रायव्हर मागं दोरी घेऊन. मी हातात मातीची गाय घेऊन उभी. 'या' म्हणायचंही विसरले. त्याच वेळी मागच्या दारानं ओल्या धोतरानं अप्पा आले. त्यांनी पायऱ्या बघितल्या आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "हें काय," ते म्हणाले. "पोरी, हें काय केलेंस. नायकांच्या पायरीवर मारवाडी? हा तर काल आला." आणि ते पुढं सरसावून मारवाड्याची बाहुली उचलायला लागले.

"ठेव ती," आत्या म्हणाल्या.

अप्पांचा हात थांबला. आत्या पायऱ्यांपुढे खाली बसल्या. बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अम्मा असेंच ठेवायची. अशी दाटी. कोण कुठचा कळत नसे. मी भांडीं-कुंडीं खेळून आलें की माझीही बाहुली मध्यें खुपसून देई." मग भावाकडे वळल्या. "तूं कॉलेजांत गेलास आणि रांगा लावल्यास. तेव्हांपासून कोलू म्हणजे रेशनचें दुकान."

 अप्पांच्या धोतराचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं. ड्रायव्हरनं विचारलं, पेट्या कुठल्या उचलायच्या? आत्या म्हणाल्या, "पेट्या रिकाम्या आहेत, दिसत नाहीं?" मग माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि कपाळ पुढं केलं. "दे, काय तें. व्हॅनवाला खोळंबला आहे." मी कुंकू लावलं. घाईत चिमटीत एवढं घेतलं होतं की ते भुवईपर्यंत पसरलं. त्यांनी पुसलं नाही. तसंच लावून गेल्या. फक्त व्हॅन रिकामी न्यायची नाही, या त्यांच्या तत्त्वाला त्या जागल्या आणि जाताना अप्पांचा झोपाळा सोडवून, कड्या-साखळ्यांसकट, दोरीनं बांधून पापनाशमला घेऊन गेल्या. "कोलू तुझा, झोपाळा माझा," म्हणाल्या. अप्पांनी अडवलं नाही. त्या नवरात्रात ते खुर्चीवर बसायचे आणि सवयीनं पायानं जमीन ढकलायचे. खुर्ची काही हलायची नाही.

बायकांना बोलावलं ती संध्याकाळ मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. अक्कांची पितळी तबकं, उसळीचा वास, गल्लीतल्या बायका एकमेकींना ढकलत आत येतायत आणि आपापली बाहुली शोधून हसतायत. फुलवाली म्हणाली, "या वर्षी मला भाईंच्या शेजारी का बसवलंय?" सौराष्ट्री बाई म्हणाली, "बादलीसाठी." मला वाटलं होतं मला बोलावं लागेल, पण त्या सगळ्याच एवढ्या बोलत होत्या की माझं निभावलं. मागच्या खोलीतून अप्पांची कुजबुज चालूच होती. शेवटी एक बाई आली ती उंबऱ्यावरच थांबली. मागच्या चाळीत परप्रांतातले बांधकामवाले राहतात, त्यांच्यातली. कुणीतरी बोलावलं असेल किंवा दिवे बघून आली असेल. तिला तमिळ येत नव्हतं. "कोण ती? सोन्द ऊर पूस," दाराच्या फटीतून अप्पा म्हणाले. मी नाही विचारलं. हाताला धरून तिला आत आणलं, कुंकू लावलं, ओटी भरली. सगळ्या गेल्यावर अप्पा बाहेर आले आणि म्हणाले, "कुठची निघाली?"

"मागच्या चाळीतली," मी म्हटलं.

"तें झालें. आधींची?"

"ते मी न्हाई पुसलं."

मी पुसलं म्हटलं, म्हणून की काय, ते जरा हसले. मग पायऱ्यांकडे बघत म्हणाले, "मग तिची बाहुली कोठें ठेवायची?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "कडेला नको अप्पा. मध्ये जागा आहे."

आता अप्पांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. ऑपरेशन झालं, पण फारसा उपयोग झाला नाही. कोलू आम्ही दोघं मिळून मांडतो. ते पेटीजवळ बसतात, कागद सोडवून एकेक बाहुली हातात घेतात, नाकाडोळ्यांवरून अंगठा फिरवतात आणि विचारतात, "हा कोण?" मी म्हणते, पानवाले भाई. "ही?" फुलवाली. ते मान हलवतात आणि देतात. कुठून आले ते आता सांगत नाहीत. यंदा एक जुना घोडेस्वार त्यांच्या हातात आला. पागोट्याचा रंग उडालेला, घोड्याचा एक पाय मोडून पुन्हा चिकटवलेला. त्याच्यावर त्यांचा अंगठा बराच वेळ फिरत राहिला.

"हा कोण?"

"आमचे घरमालक," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. घोडेस्वार दोन्ही हातांत धरून म्हणाले, "अजून इथेंच आहे?"

"इथेंच आहे," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातून घेऊन त्याला पायरीवर बसवलं.